फेस्टिवल बुडाला की तिकिटाचे पैसे नक्की जातात कुठे?

लीड्सकर

नमस्कार मंडळी. हा धागा संगीतात काढू की अर्थकारणात यावर दोन दिवस घालवले, शेवटी संगीतातच काढतेय.

मी नऊ वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इथे आल्यापासून दर उन्हाळ्यात एका छोट्या फेस्टिवलला जायचे. डोंगराखालचं शेत, चार स्टेज, फार तर चार हजार माणसं, कुठल्या मोठ्या ब्रँडचं नाव नाही, गेटवर तिकीट तपासणारी मुलगी दरवर्षी तीच असायची. २०१० साली पुण्यात पहिलं एनएच७ वीकेंडर हे संगीत फेस्टिवल झालं तेव्हा मी कॉलेजात होते, त्या वेळी जे वाटलं होतं, की अरे आपल्यासारखी इतकी माणसं आहेत गावात, ते मला इथे परत त्या शेतात मिळालं. नाव लिहीत नाही, कंपनी सध्या लिक्विडेशनमध्ये आहे, म्हणजे बुडीत निघून तिची मालमत्ता विकून देणी भागवणं चालू आहे.

गेल्या उन्हाळ्यात अकरा दिवस आधी ईमेल आला. "अत्यंत जड अंतःकरणाने" वगैरे. खाली शेवटच्या ओळीत होतं की रिफंडसाठी कंपनीकडे निधी नाही, तिकीटधारकांनी आपापल्या बँकेशी बोलावं. आम्ही तिघी जाणार होतो. माझं आणि एका मैत्रिणीचं तीन दिवसांचं तिकीट, प्रत्येकी १६५ पौंड, तिसरीचं फक्त शनिवारचं ७८ पौंडांचं. वर शटल बस, कॅम्पिंगचा पास, आणि मैत्रीण ॲबर्डीनहून येणार होती तिची रेल्वे तिकिटं, जी परत होणारी नव्हती. मी क्रेडिट कार्डाने भरले होते, तीन दिवसांवाल्या मैत्रिणीने फेस्टिवलच्या हप्ता योजनेत बँक ट्रान्सफरने भरले होते, कारण एकरकमी तिला जमत नव्हते. म्हणजे जिची ऐपत कमी तिचेच पैसे सगळ्यात जास्त अडकले, हे मला अजून पचलेलं नाही.

मग मी हे सगळं प्रकरण काय असतं ते वाचत सुटले, आणि लक्षात आलं की हे आमच्यापुरतं नाहीच. ब्रिटनमध्ये स्वतंत्र फेस्टिवल्सची एक संघटना आहे, असोसिएशन ऑफ इंडिपेंडंट फेस्टिवल्स, त्यांच्या मोजणीत २०२३ मध्ये ३६ फेस्टिवल रद्द झाले किंवा बंद पडले, आणि २०२४ मध्ये हाच आकडा ७० च्या वर गेला. दुप्पट झाला एका वर्षात.

ज्यांना इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र संगीताचं वेड आहे त्यांना ऑल टुमॉरोज पार्टीज आठवत असेल, एटीपी. १९९९ मध्ये बेल अँड सबॅस्टियन या बँडने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅम्बर सँड्सच्या हॉलिडे कँपमध्ये एक वीकेंड भरवला, त्यातून ही कल्पना निघाली. बॅरी होगनने २००० पासून एटीपी सुरू केलं, दरवेळी एका कलाकाराच्या हातात पूर्ण कार्यक्रम द्यायचा, कोणाला बोलवायचं ते तोच ठरवणार. मोग्वाई, शेलॅक, सॉनिक यूथ, पोर्टिसहेड. प्रेक्षक आणि बँड एकाच आवारात राहायचे, सकाळी दुधाच्या रांगेत तुमच्या पुढे गिटारिस्ट उभा. अशा जागेवर लोक आंधळा विश्वास टाकतात आणि मला वाटतं इथेच घात होतो. २०१२ मध्ये त्यांची मूळ कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, देणी २६ लाख पौंडांच्या घरात. मग नवी कंपनी, नाव तेच, आणि कार्यक्रम चालूच. ऑगस्ट २०१४ मध्ये लंडनच्या एक्सेल सेंटरमध्ये जॅबरवॉकी नावाचा फेस्टिवल होणार होता, तो तीन दिवस आधी रद्द. लोकांनी विमानं बुक केली होती. तिकीट विकणारे म्हणाले पैसे आयोजकांकडे, आयोजक म्हणाले तिकीटवाल्यांकडे मागा. मग एप्रिल २०१६, वेल्समध्ये प्रेस्टॅटिनला एक वीकेंड कसाबसा पार पडला, पुढच्या आठवड्यातला मँचेस्टरला हलवला आणि तोही ऐन वेळी रद्द. त्याच जूनमध्ये आइसलँडचा फेस्टिवल दोन आठवड्यांवर आला असताना दुकान कायमचं बंद. आणि या प्रत्येक वेळी तिकिटं विकली गेली होती. २०१४ चं झाल्यावरही लोकांनी २०१६ ची तिकिटं घेतली, कारण त्यांना ती गोष्ट जगायला हवी होती.

माझा प्रश्न साधा आहे. कार्यक्रम अजून झालेला नाही, तर माझे पैसे खर्च कसे काय झाले? ते कोणाच्या परवानगीने? कोणाला आतली माहिती असेल तर लिहा, आणि ज्यांचे असे पैसे गेलेत त्यांनीही लिहा.

तिसरी घंटा

फार वाईट वाटलं वाचून. त्या हप्तावाल्या मैत्रिणीचं जास्त.

तुमचं वाचून मला लगेच फायर फेस्टिवल आठवलं, बहामामधला, एप्रिल २०१७. तिथे तर लोक बेटावर पोचले आणि तंबू भिजलेले, जेवणाला ब्रेड-चीज. त्याचा आयोजक बिली मॅकफार्लंड सहा वर्षांच्या शिक्षेवर गेला पण तिकीटवाल्यांचं काय, २०२१ मध्ये २७७ जणांना प्रत्येकी ७,२२० डॉलर मिळणार अशी तडजोड झाली, पेपरात मोठ्या बातम्या आल्या, आणि दिवाळखोरीतल्या मालमत्तेची वाटणी होता होता हातात पडले माणशी २८१ डॉलर. दुसरी बातमी फार कोणी वाचली नाही.

गोदाकाठ

फायर ही सरळ फसवणूक होती, त्याची आणि या छोट्या फेस्टिवलची गल्लत नको. पण लीड्सकर, मला राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो. अकरा दिवस आधी ईमेल आला म्हणजे बाराव्या दिवशी त्यांना माहीत नव्हतं का? माझी खात्री आहे त्या दिवशीही वेबसाइटवर "शेवटची काही तिकिटं" चालू असणार. किराणा दुकानदार दुकान बंद करायच्या आदल्या दिवशी दिवाळीच्या फराळाची ॲडव्हान्स ऑर्डर घेत असेल तर आपण त्याला बिचारा म्हणतो का?

हिशेबनीस

मी सीए आहे, पाच वर्षं लंडनमध्ये इन्सॉल्व्हन्सीचं, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीचं काम केलंय, आता ठाण्यात. जमेल तसं सांगतो.

लीड्सकर यांचा प्रश्न "परवानगी कोणी दिली" असा आहे. उत्तर असं की परवानगी लागतच नाही. तुम्ही तिकीट घेतलं त्या क्षणी पैसे कंपनीचे झाले, ते वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती नाही. कायद्याच्या भाषेत तुम्ही त्या कंपनीला विनातारण, बिनव्याजी उधार दिलंत. तुम्ही धनको आहात, फक्त तुम्हाला कोणी तसं सांगितलं नाही.

कंपनी बुडली की रांग लागते. आधी ज्यांच्याकडे ठरावीक मालमत्तेचं तारण आहे ते, म्हणजे बँक वगैरे. लिक्विडेटरची, म्हणजे कंपनी गुंडाळायला नेमलेल्या माणसाची फी आणि खर्च. मग कामगारांचे थकलेले पगार. त्यामागे सरकारी कर खातं, १ डिसेंबर २०२० पासून ब्रिटनमध्ये व्हॅटची थकबाकी सर्वसाधारण देण्यांच्या पुढे आणून ठेवली आहे. आणि सगळ्यात शेवटी विनातारण धनको, त्यात तिकीटवाले, बँड, जनरेटरवाला, टॉयलेटवाला सगळे एकत्र. १६५ पौंडांच्या तिकिटात २० टक्के दराने साडेसत्तावीस पौंड व्हॅटच असतो. म्हणजे तुम्ही दिलेल्या पैशातला जो भाग सरकारचा, तो न भरलेला असेल तर त्याचा दावा तुमच्या दाव्याच्या आधी. रांगेच्या शेवटी येईपर्यंत पौंडामागे काही पेनी उरल्या तरी नशीब, बहुतेक वेळा शून्य. तरीही लिक्विडेटरकडे दावा नोंदवा, फुकट असतं.

गोदाकाठ यांच्या मुद्द्याबद्दल, ब्रिटनच्या १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी ॲक्टमध्ये कलम २१४ आहे. कंपनी वाचण्याची वाजवी शक्यता उरली नाही हे कळूनही संचालकांनी धंदा चालू ठेवून धनकोंचं नुकसान वाढवलं तर कोर्ट त्यांना वैयक्तिक भरपाई करायला लावू शकतं. पण हा दावा लढवायला पैसा लागतो, आणि बुडालेल्या छोट्या कंपनीच्या खात्यात तोच नसतो.

क्रेडिट कार्डवाल्यांसाठी मात्र चांगली बातमी. कंझ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४ चं कलम ७५, वस्तूची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल तर कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार. लक्षात घ्या, एका तिकिटाची किंमत बघतात, एकूण बिल नाही. त्यामुळे ७८ पौंडांचं शनिवारचं तिकीट यात बसत नाही, तिथे चार्जबॅक मागायचा, म्हणजे बँकेला ते पेमेंट उलटवायला सांगायचं, तो डेबिट कार्डावरही मिळतो पण तो कायदा नाही, कार्ड नेटवर्कचा नियम आहे, आणि साधारण १२० दिवसांची मुदत असते. आणखी एक, मधल्या एजंटकडून तिकीट घेतलं असेल तर कधी कधी बँक म्हणते तुमचा करार थेट फेस्टिवलशी नाही, तेव्हा पहिल्या नकाराने थांबू नका. बँक ट्रान्सफरवाल्या मैत्रिणीसाठी माझ्याकडे काही सांगण्यासारखं नाही, सॉरी.

स्टेजमागे

हिशेबनीस, अतिशय माहितीपूर्ण. आता दुसऱ्या बाजूने.

मी पुण्यात साउंड करतो, वीस वर्षं झाली, छोटे मोठे सगळे. आम्हालाही शेंडी लागलीय, एका शोचे साडेचार लाख अजून येणं आहे (नाव घेत नाही), पण तरी मी आयोजकाला सरसकट चोर म्हणणार नाही, कारण मी तो माणूस रात्री दोन वाजता मिक्सरच्या मागे बसून रडताना पाहिलाय.

हे गणितच उलटं आहे बघा. खर्च सगळा आधी. आर्टिस्टला साइन करतानाच मोठा ॲडव्हान्स, बहुतेक वेळा निम्मा, उरलेला स्टेजवर चढायच्या आधी. मैदानाचं डिपॉझिट, स्टेज, ट्रस, पत्रे, बॅरिकेड, जनरेटर, डिझेल, सिक्युरिटी, ॲम्ब्युलन्स, फायरची एनओसी, पोलीस परवानगी, म्युझिकचं लायसन्स. हे सगळं पाचशे माणसं आली तरी तेवढंच आणि पाच हजार आली तरी जवळपास तेवढंच. आणि तिकिटं? आता लोक शेवटच्या आठवड्यात घेतात, पाऊस आहे का बघतात, मित्र येतायत का बघतात. पूर्वी अर्ली बर्डवर, म्हणजे आधी घेणाऱ्यांच्या स्वस्त तिकिटांवर निम्मी तिकिटं जायची म्हणून निम्मा खर्च निघायचा. आता आयोजक तीन महिने अंधारात गाडी चालवतो. मग काय करतो, तर यंदाच्या अर्ली बर्डमधून गेल्या वर्षीच्या जनरेटरवाल्याचं देणं फेडतो. एक वर्ष खराब गेलं की भोक पडतं ते पुढच्या वर्षाच्या तिकिटांनी बुजवायचं, त्याच्या पुढच्या वर्षी भोक मोठं. फेस्टिवल एका वर्षात बुडत नाही हो, तो तीन-चार वर्षं बुडत असतो, फक्त शेवटच्या वर्षाची तिकिटं ज्यांच्या हातात असतात त्यांना वाटतं आजच बुडाला.

आणि इन्शुरन्सचं विचारू नका. वादळाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, महाग असतं, आणि तिकिटं खपली नाहीत याचा विमा कोणीच देत नाही.

ॲडव्हान्स वेगळ्या खात्यात ठेवा म्हणणं बरोबर आहे, पण उद्या तसा नियम आला तर छोटे आयोजक पहिल्याच वर्षी बंद, उरतील फक्त ज्यांच्यामागे मोठी कंपनी आहे ते. हे पण बघा.

ठाणे ते मेलबर्न

स्टेजमागे यांचा शेवटचा मुद्दा इथे ऑस्ट्रेलियात अगदी डोळ्यांसमोर दिसला. २०२४ मध्ये ग्रूविन द मू हे फेस्टिवल फेब्रुवारीतच रद्द झालं, तिकिटं कमी खपली म्हणून, आणि मार्चच्या शेवटी दुसरं फेस्टिवल, स्प्लेंडर इन द ग्रास रद्द, जे जुलैत होणार होतं. पॉप गायिका कायली मिनोगचं नाव लागलं होतं तरी. पण लोकांना रिफंड मिळाले! स्प्लेंडरच्या मागे लाइव्ह नेशनसारखी मोठी कंपनी होती, चार महिने आधी तोटा सोसून थांबणं परवडलं. छोट्याला थांबणं परवडत नाही, तो शेवटच्या आठवड्याच्या विक्रीची आशा धरून बसतो, कारण थांबला तर लगेच मरणार आणि चालू ठेवलं तर कदाचित वाचेल. म्हणून छोट्याचाच ईमेल अकरा दिवस आधी येतो.

तंबोरा

अवांतर होतंय पण लिहितो. आमच्या पिढीला फेस्टिवल म्हणजे सवाई. १९५३ पासून आर्य संगीत प्रसारक मंडळ भरवतंय. बाबा रमणबागेत सतरंजीवर बसायचे, घोंगडी आणि थर्मास घेऊन. २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे डिसेंबरचा महोत्सव पुढे ढकलला आणि जानेवारी २०१० मध्ये झाला, कोविडच्या काळात तर खंडच पडला, तरी दर वेळी तो परत उभा राहिला आणि लोक परत आले. मला वाटतं फरक असा की मागे कंपनी नाही, संस्था आहे, आणि कलाकारही तिथे गाणं हा मान समजतात. गुंतवणूकदाराला पाच वर्षांत पैसे दुप्पट करून द्यायचे नाहीत. ही रचना सगळ्यांना जमेल असं नाही, पण ती आहे आणि सत्तर वर्षांवर चालली आहे.

गोदाकाठ

तंबोराकाका, सवाईला भीमसेनजी होते, प्रत्येक शेताला कुठून आणणार.

स्टेजमागे, तुमचं वाचून थोडा नरम पडलो. थोडाच. भोक बुजवायला माझं तिकीट वापरताय तर मला सांगा ना. लिहा तिकिटावर, की हे पैसे आम्ही आत्ताच वापरणार आहोत, कार्यक्रम झाला नाही तर परत मिळतीलच असं नाही. वाचून ज्याला घ्यायचंय तो घेईल. मी कदाचित तरी घेईन.

लीड्सकर

गोदाकाठ, मी नक्की घेतलं असतं. हेच तर आहे. आम्हाला विचारलं असतं तर आम्ही मदत म्हणून पैसे दिले असते, त्या फेस्टिवलवर तेवढं प्रेम होतं. न विचारता घेतले म्हणून जखम झाली. त्या गेटवरच्या मुलीचाही पगार राहिलाय असं फेसबुक ग्रुपवर कळलं, तिच्याबद्दल मला राग नाही, पण आयोजकांनी तो ईमेल पाठवून कमेंट्स बंद केल्या त्याचा आहे.

नीट बंद करता येतं. ऑक्सफर्डशायरमध्ये सुरू झालेलं टाउअर्सी, १९६५ पासूनचं लोकसंगीताचं फेस्टिवल, त्यांनी आधी जाहीर केलं की ऑगस्ट २०२४ चा साठावा शेवटचा, खर्च झेपत नाही. लोक आले, गायले, घरी गेले. कोणाचं तिकीट बुडालं नाही. आमच्या वाट्याला तेवढा निरोप तरी यायला हवा होता.

हिशेबनीस, इथे हवाई सुट्टीच्या पॅकेजला अटोल म्हणून संरक्षण आहे, प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत जातात आणि टूर कंपनी बुडाली तर त्यातून पैसे परत मिळतात. फेस्टिवलला असा निधी का नाही? तिकिटामागे दोन पौंड मी आनंदाने देईन. यात स्टेजमागे म्हणतात तशी छोट्यांची गळचेपीही होणार नाही, पैसे वापरू द्या त्यांना, फक्त मागे निधी असू दे.

हिशेबनीस

कल्पना चांगली आहे आणि मला वाटतं वेगळ्या खात्यापेक्षा व्यवहार्य आहे. अडचण एवढीच की अटोल कायद्याने सक्तीचं आहे, टूर कंपन्यांनी आपणहून केलेलं नाही. तुम्ही लिहिलेल्या त्या स्वतंत्र फेस्टिवल्सच्या संघटनेची २०२४ मधली मागणी वेगळी होती, तिकिटावरचा व्हॅट २० वरून ५ टक्के करा, तीन वर्षांसाठी. त्याने आयोजक वाचेल, तिकीटधारकाचं संरक्षण आपोआप होत नाही. सवलत द्या पण त्या बदल्यात निधी सक्तीचा करा, असं कोणीतरी मांडायला हवं.

बांद्रा लोकल

उशिरा आलो. आपल्याकडे असं झालं तर काय करायचं? मागच्या वर्षी एका इंडी गिगची चार तिकिटं गेली, आयोजक फोन उचलत नाही, तिकीट ॲप म्हणतं आम्ही फक्त मध्यस्थ.

हिशेबनीस

आपल्याकडे कलम ७५ सारखं काही नाही. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे लेखी डिस्प्यूट लगेच टाका, उशीर करू नका. मग ग्राहक हेल्पलाइन १९१५, तक्रारीत ॲप आणि आयोजक दोघांचीही नावं घाला. त्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, आयोजक दिल्लीचा असला तरी, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ऑनलाइन होतं, वकील सक्तीचा नाही. "आम्ही फक्त मध्यस्थ" ऐकून परत फिरू नका, त्यांनी कन्व्हिनियन्स फी घेतलीय ना, पावती जपून ठेवा. आयोजकाची कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर मात्र वर सांगितली साधारण तशीच रांग इथेही.

स्टेजमागे

रद्द झालेल्या पानाचा स्क्रीनशॉट पण घ्या, दोन दिवसांत वेबसाइट गायब होते. अनुभवाचे बोल.

लीड्सकर

अपडेट देते. माझ्या बँकेने पहिल्यांदा नाकारलं, हिशेबनीस म्हणाले तसंच, मध्ये एजंट आहे म्हणून. मी तिकिटाच्या पावतीवर विक्रेता म्हणून फेस्टिवलच्याच कंपनीचं नाव आहे ते दाखवून परत लिहिलं, काल १६५ पौंड जमा झाले. शनिवारवालीचे ७८ चार्जबॅकने आधीच आले होते. शटल बसचे आणि रेल्वेचे गेले ते गेले.

हप्तावाल्या मैत्रिणीने लिक्विडेटरकडे फॉर्म भरलाय, आता वाट बघणं. माझ्या आलेल्या पैशातले निम्मे तिला दिले, ती घेत नव्हती, बळेच दिले. आम्ही तिघी ऑगस्टमध्ये त्याच गावी जाणार आहोत, शेताच्या मालकाने तंबू टाकायला हो म्हटलंय, दोन बँडवाले पण येतायत म्हणे, तेही बुडालेलेच. कोणी यॉर्कशायरकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तारीख कळवते. तिकीट नाही, आपापला डबा आणायचा.